वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी अमेरिकन गाडी: विकत घेण्यापासून पहिल्या फेरीपर्यंत

१५ जून १९५७ रोजी ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने कोर्टाच्या हिरवळीखाली काँक्रीटचं तळघर बांधून त्यात एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्वेडिअर पुरली. पन्नास वर्षांनी ती बाहेर काढायची असं ठरलं होतं. तोवर पेट्रोल मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून गाडीसोबत पेट्रोल आणि ऑइलचे डबेही ठेवले होते. १५ जून २००७ला तळघर उघडलं तर आत पाणी साचलेलं. गाडी जवळजवळ चाललेलीच नव्हती, पण पत्रा गंजून कामातून गेला होता.

दुसरी गोष्ट सप्टेंबर २०१३मधली. नेब्रास्काच्या पिअर्स गावात एका बंद पडलेल्या शेवरोले विक्रेत्याकडच्या सुमारे पाचशे गाड्यांचा लिलाव झाला. त्यातल्या कित्येकींचे मीटर दहा मैलांच्याही आत होते. तरीही उघड्या शेतात झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाड्यांची छपरं चेपली होती आणि फरश्या सडल्या होत्या. छपराखाली ठेवलेला १९५८चा शेवरोले कॅमिओ पिकअप मात्र १ लाख ४० हजार डॉलरला गेला.

या दोन्ही गोष्टी मी नव्याने या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गाडी किती मैल चालली आणि किती वर्षं उभी होती, हे प्रश्न दुय्यम आहेत. ती कुठे उभी होती आणि तिच्यात पाणी किती शिरलं, हे आधी विचारा.

कुठली गाडी घ्यावी

पहिल्यांदाच हात घालत असाल तर सुटे भाग सहज मिळणारी गाडी निवडा. १९६५ ते ७०ची मस्टँग, १९६७ ते ६९ची कमॅरो, शेवरोलेचा सी-१० पिकअप, नोव्हा, डॉज डार्ट यांचे यांत्रिक भाग आजही घरपोच मिळतात. मस्टँग आणि कमॅरोची तर अख्खी बॉडी नव्याने बनवून मिळते. याउलट चार दारांच्या मोठ्या ब्युइक किंवा मर्क्युरी स्वस्तात मिळतात. त्यांचं इंजिन उभं करणं अवघड नसतं, पण समोरची मोठी काच, क्रोमच्या पट्ट्या किंवा मागच्या दिव्यांची भिंगं शोधण्यात वर्षं जातात. अशी गाडी घ्यायची असेल तर काचा आणि क्रोम शाबूत असलेलीच घ्या. इंजिन जाम असलं तरी चालेल.

माझी स्वतःची गाडी १९६६ची डार्ट. न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेत एका शेडखाली ती बावीस वर्षं उभी होती. सीटचा कपडा उन्हाने हाताला लागताच फाटत होता, रबराचा प्रत्येक तुकडा कडक झाला होता, पण खालचा पत्रा कोरा होता. कपडा आणि रबर बदलता येतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ग्रेट लेक्स सरोवरांच्या आसपास, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथली तितकीच जुनी गाडी वरून चकचकीत आणि खालून चाळण झालेली निघू शकते. म्हणून दूरच्या कोरड्या राज्यातून गाडी आणण्याचा वाहतूक खर्च मला महाग वाटत नाही.

बघायला जाताना

चांगला टॉर्च, लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, बादलीभर पाणी आणि मळले तरी चालतील असे कपडे सोबत घ्या. विकणारा बोनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगायला लागेल. तुम्ही आधी खाली झोपा.

गाडीची बांधणी कोणती हे ठाऊक हवं. इम्पाला किंवा शेव्हेलला वेगळी चेसिस असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. मस्टँग, डार्ट, व्हॅलिअंट यांना वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे पोकळ दांडेच सगळा भार पेलतात. अशा गाडीत फरशीखालचे दांडे आणि मागचे पाटे जिथे टेकतात त्या जागा सडल्या असतील तर गाडीचा कणाच गेला. स्क्रू ड्रायव्हरने तिथे टोचून बघा. टणक आवाज आला तर ठीक, टोक आत घुसलं तर तिथूनच निरोप घ्या. डार्टमध्ये पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे, ज्या आडव्या दांड्यात अडकतात, तो दांडाही असाच तपासा.

मस्टँगची एक जुनी खोड आहे. समोरच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी आत जातं आणि एका पोकळीतून बाहेर पडतं. त्या पोकळीत पाला साठून ती आतून सडते, मग पाणी थेट पायाशी उतरतं. बादलीतलं पाणी जाळीवर हळूहळू ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बघा. थेंब पडताना दिसले तर किंमत त्या हिशेबाने करा, कारण तिथला पत्रा बदलायचा म्हणजे ढिगाने स्पॉट वेल्ड ड्रिल करून काढावे लागतात.

छपरावर व्हिनाइल चिकटवलेलं असेल तर त्याखाली फुगवटे आहेत का ते हाताने चाचपा. व्हिनाइलखाली ओल कोंडून काचेच्या चौकटी सडतात. चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून चाकांच्या कमानींवरून फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. दार उघडून बघा. उघडताना ते खाली बसत असेल तर बिजागरी झिजली असेल, किंवा खांब सडला असेल. बिजागरीचं काम एका दुपारचं असतं; खांबासाठी बॉडी मिस्त्री गाठावा लागतो. पत्र्याचं काम बाहेर दिलं की बिल हजारो डॉलरमध्ये जातं. त्याच्या तुलनेत ब्रेकचं सगळं हायड्रॉलिक काम स्वतःच्या हाताने काही शे डॉलरमध्ये होतं.

कागदपत्रं

गाडीचं टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, आहे का हे किमतीच्या आधी विचारा. त्यावरचं नाव आणि समोर उभ्या माणसाचं नाव एकच हवं. ‘काकांची गाडी होती, ते वारले’ असं उत्तर आलं तर वारसाहक्काचे कागद मागा. काही राज्यांत हमीपत्रावर, म्हणजे बाँड भरून, टायटल मिळवता येतं. आपल्या राज्याच्या वाहन विभागात आधी चौकशी करा, पैसे नंतर द्या. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गाडी वापरात नसल्याची नोंद वेळेवर केली नसेल तर मागच्या वर्षांची थकलेली फी तुमच्या गळ्यात पडू शकते. तिथली एक सोय मात्र चांगली आहे: १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलना धुराची तपासणी लागत नाही.

आजचा सतरा अक्षरी व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१च्या मॉडेलपासून सुरू झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. मस्टँगचा नंबर बोनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्र्यावर कोरलेला असतो, साठच्या दशकातल्या शेवरोले आणि डॉजचा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर. १९६८-६९पासून तो काचेतून दिसेल असा डॅशबोर्डवर आला. टायटलवरचा आणि गाडीवरचा नंबर एकेक अक्षर लावून पडताळा. पट्टीचे रिव्हेट उकरलेले दिसले तर व्यवहार सोडून द्या. ती पट्टी बदलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि अशी गाडी तुमच्याकडून जप्त होऊ शकते.

घरी आणणं

चालवत आणायचा मोह टाळा, विक्रेत्याने तुमच्यासमोर इंजिन सुरू करून दाखवलं तरीही. विंच असलेला फ्लॅटबेड, म्हणजे गाडी ओढून वर घेणारा सपाट ट्रक, मागवा. ऑटोमॅटिक गिअर असेल तर मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढत आणू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही. १९६९-७०पासून स्टिअरिंगला लॉक आले, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीची किल्ली आहे ना हे आधी विचारून ठेवा.

चाकं फिरत नसतील तर बहुतेक वेळा ब्रेकचे शू ड्रमला गंजाने चिकटलेले असतात. ड्रमच्या कडेने हातोडीने गोल ठोकत जा, मागच्या खाचेतून अ‍ॅडजस्टर सैल करा. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. १९७०च्या आसपासपर्यंतच्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथ गाड्यांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने सैल होतात. बोल्टच्या टोकावर बहुधा ‘एल’ अक्षर असतं. मला हे कळेपर्यंत मी दोन बोल्ट पिळून तोडले होते.

साफसफाई, पण जपून

उभ्या गाडीत उंदीर हमखास राहिलेले असतात. एअर क्लीनरमध्ये, हीटरच्या डब्यात, सीटखाली, छताच्या कापडावर त्यांची घरटी सापडतात. ती झाडू नका आणि व्हॅक्यूमही फिरवू नका. अमेरिकेत उंदरांच्या लेंड्यांमधून आणि मुतातून हंटाव्हायरस पसरतो. १९९३ साली फोर कॉर्नर्स भागात त्याची साथ आली आणि हा आजार किती जीवघेणा आहे ते कळलं. धूळ उडाली की तो श्वासातून आत जातो. दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, हातमोजे आणि चांगला मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून पिशवीत बंद करा. मी हे इतक्या आग्रहाने लिहितो, कारण बहुतेक लोक उत्साहात पहिल्याच दिवशी उघड्या तोंडाने सीट उपसायला बसतात.

आधी ब्रेक, मग इंजिन

माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाडी घरी आली त्या रात्रीच सेल्फ मारणं. इंजिन सुरू झालं तर माणूस गाडी गेटपर्यंत नेऊन बघतोच, आणि तेव्हा पाय ब्रेकवर पडला की पेडल थेट फरशीला टेकतं. थांबण्याची सोय आधी करा. ब्रेक होईपर्यंत बॅटरी जोडूच नका, म्हणजे मोहही होणार नाही.

गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरू नका, ते एकदम फुटतात. ड्रममधली काळी भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. १९६४पर्यंतच्या क्रायस्लर गाड्यांचे मागचे ड्रम काढायला खास पुलर लागतो, तो भाड्याने मिळतो. एका वेळी एकाच बाजूचं खोला, म्हणजे स्प्रिंगा कशा बसतात ते बघायला दुसरी बाजू शाबूत राहते.

चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या बदलाच. नळी बाहेरून ठीक दिसते, पण आतून फुगून बंद झालेली असते. मग दाब जातो आणि परत येत नाही, चाक पकडून बसतं. लोखंडी पाइप गंजले असतील तर तांबं-निकेलचा पाइप घ्या. तो हाताने वळतो. नवा मास्टर सिलिंडर गाडीत बसवण्याआधी टेबलावरच त्याची हवा काढा. नंतर चाकांच्या ब्रेकमधली हवा काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. डॉट-३ ब्रेक ऑइलमध्ये सिलिकॉनचं डॉट-५ मिसळू नका.

१९६७च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेकचा एकच मार्ग असतो. कुठेही एक नळी फुटली की सगळे ब्रेक जातात. १९६७-६८च्या मॉडेलपासून दोन स्वतंत्र मार्ग आले. माझ्या डार्टला मी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला. मूळ रूप जपणाऱ्यांना ते पटत नाही, पण रोजच्या रहदारीत घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर मला यात तडजोड नको वाटते. हँडब्रेकही पकडेल असा करून घ्या.

पेट्रोलची वाट

टाकीचं झाकण उघडून वास घ्या. शिळ्या पेट्रोलला वॉर्निशसारखा उग्र वास येतो. ते गाडीतून पूर्ण काढा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. टाकी दोन पट्ट्यांवर टांगलेली असते, ती उतरवून आत बघा. आत गंजाचे पापुद्रे दिसले तर धुण्यात वेळ घालवू नका, मस्टँग-डार्टसारख्या गाड्यांची नवी टाकी मिळते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही करू नका, तिच्यातली वाफ पेटते.

आजच्या अमेरिकन पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी १० टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं. म्हणून पाइपाचे रबरी तुकडे, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं किट हे सगळं इथेनॉल सोसणारं घ्या. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का, हे पुढचे काही आठवडे बघत राहा.

इंजिन मोकळं करणं

आधी ऑइलचा नट अगदी सावकाश सैल करा. पहिल्यांदा पाणी आलं तर थांबा: कुठेतरी गॅस्केट गेलं असेल किंवा थंडीत पाणी गोठून ब्लॉक तडकला असेल. नुसतं काळं ऑइल आलं तर ते आणि फिल्टर बदला. या इंजिनांमध्ये कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतो, त्याला ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसच्या थराची गरज असते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २००४च्या एपीआय एसएम दर्जापासून सामान्य ऑइलमधलं फॉस्फरस कमी झालं, त्यामुळे जुन्या गाड्यांसाठी बनवलेलं ऑइलच घ्या.

सगळे प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ, आत झिरपणारं तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने फिरवा. काही इंजिनांत हा बोल्टच नसतो. माझ्या डार्टमध्ये नव्हता. तिथे खालचं झाकण काढून फ्लायव्हीलच्या दात्यांना स्क्रू ड्रायव्हरने ढकलावं लागतं. फिरत नसेल तर जोर करू नका. तेल पुन्हा घाला, रोज थोडं मागे, थोडं पुढे हलवा. माझं इंजिन नवव्या दिवशी हललं. ज्यांनी अशा वेळी थेट सेल्फ मारला, त्यांच्या चिकटलेल्या व्हॉल्व्हचे पुशरॉड वाकलेले मी पाहिले आहेत. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर उघडून, हाताने फिरवताना प्रत्येक व्हॉल्व्ह खालीवर होतो का ते बघा आणि दांड्यांवर तेल सोडा.

जनरल मोटर्सच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक इंजिनांत टायमिंग साखळीच्या वरच्या चक्राला नायलॉनचे दात होते. वयाने ते ठिसूळ होऊन तुटतात आणि तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून क्रँक हाताने मागेपुढे करा आणि रोटर किती उशिरा हलतो ते बघा. दहा अंशांच्या आसपास ढिलाई असेल तर साखळी आणि चक्रं बदलूनच पुढे जा.

क्रँक हाताने मोकळा फिरू लागला की कॉम्प्रेशन मोजा. थ्रॉटल उघडं ठेवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. १२० ते १५० पीएसआय छान. पण सगळ्यात कमी आकडा सगळ्यात मोठ्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली नको. एखादा फार कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. उभ्या गाडीत चिकटलेल्या रिंगा चालल्यावर मोकळ्या होतात, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून इंजिन उतरवायचा निर्णय घेऊ नका.

पहिल्यांदा सुरू करताना

उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही. पेट्रोलची आग विझवणारं अग्निशामक हाताशी हवं, आणि ते धरून उभा राहणारा दुसरा माणूसही.

ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट बघा. वर्षानुवर्षं उभं राहून त्यांवर पातळ थर चढतो आणि करंट जात नाही. बारीक पट्टीने घासा, स्वच्छ कागद ओढून पुसा, फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. क्रायस्लरची गाडी सेल्फ मारताना पेट घेत असेल आणि किल्ली सोडताच बंद पडत असेल, तर फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा, पांढरा चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर जळला आहे. काही डॉलरचा भाग आहे. मी एक जादा कायम डिकीत ठेवतो.

प्लग न लावता सेल्फ मारा, एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग प्लग लावा. वायरी फायरिंग ऑर्डरने लावल्यात का ते पुन्हा मोजा: शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकला १-८-४-३-६-५-७-२, फोर्डच्या २८९ला १-५-४-२-६-३-७-८, क्रायस्लरच्या तिरक्या सहा सिलिंडरला १-५-३-६-२-४. सुरू झाल्यावर घातलेलं तेल जळून पहिली काही मिनिटं धूर होईल, घाबरू नका. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट जळतंय, बंद करा. दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तरी लगेच बंद करा.

रेडिएटर आणि ब्लॉक धुऊन नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट घाला. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांसाठी प्राणघातक असतं. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल थंड असताना मोजू नका, कारण उभ्या गाडीत ते टॉर्क कन्व्हर्टरमधून खाली उतरून पातळी खोटी दाखवतं. शिसेयुक्त पेट्रोल आता मिळत नाही म्हणून व्हॉल्व्ह सीट झिजेल अशी चिंता अनेक जण करतात. अधूनमधून, हलक्या पायाने चालवायच्या गाडीसाठी मी त्यापायी हेड उतरवणार नाही.

पहिली फेरी

टायरच्या कडेवर डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचं आहे. खाचा कितीही खोल असोत, नवीनच घाला. विमा आधीच उतरवा, आणि तो ठरलेल्या किमतीचा असावा. साध्या पॉलिसीत जुन्या गाडीची किंमत नगण्य धरली जाते.

रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी २० मैलांच्या आत चालवा, थांबवा, पुन्हा चालवा. उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा तापला असेल तर तो शू पकडतोय. चाकांचे नट पुन्हा आवळा. घरी येऊन गाडीखाली पुठ्ठा पसरा आणि सकाळी डाग बघा: लालसर म्हणजे गिअरबॉक्स, हिरवा म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेकचं काम पुन्हा उघडायचं. शंभर मैल झाले की पेट्रोलचा फिल्टर कापून बघा. आत तांबूस चुरा असेल तर टाकी परत उतरवावी लागेल.